बेळ्ळीचा डॉक्टर

आधीच सांगते, ह्यात चूक असंल तर ती गुरुशांतप्पाच्या कानाची हाय. आमच्या घरासमोर त्याचं किराणा दुकान. माणूस चांगला, पण कुणी विचारलं नसताना भाषांतर करून द्यायची खोड. आमचे अप्पा, तात्याराव, जन्मभर ठाणाकुशनूरच्या आजूबाजूला डाक वाटून रिटायर झाले. त्यांचा एक कान कामातून गेलाय. त्या दिवशी ते दुकानाच्या पायरीवर बसलते आन् माझ्या धाकट्या भावाचा, नागसेनचा, फोन आला. नागसेन तिकडं गुलबर्ग्याजवळ कडगंचीला युनिव्हर्सिटीत पीएचडी करत व्हता. अप्पांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला आन् विचारलं, बाबा, तुझा विषय तरी काय हाय ते एकदा सांगून टाक, लोक विचारायलेत.

नागसेननं किती धीर गोळा करून सांगितलं असंल ते मला माहीत. ‘बेली डान्स’ म्हणला तो. नेमका तवाच समोरून उसाचा ट्रॅक्टर गेला. त्यात ‘डान्स’ गेला आन् नुसतं ‘बेली’ उरलं. अप्पांनी गुरुशांतप्पाकडं बघितलं. त्याच्या घरात कानडी. तो म्हणला, ‘बेळ्ळी अंते. चांदी, तात्याराव, चांदी.’

आता बिदरकडच्या माणसाला चांदी म्हणलं की दुसरं काय सुचणार? बिदरी काम. काळ्या भांड्यावर चांदीची तार ठोकून बसवतात ते. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की तात्यारावाचा पोरगा बिदरीच्या चांदीवर डॉक्टर व्हायलाय. मी ड्युटीवरनं घरी आले तर अप्पांनी पेढे आणून ठेवलते. मी औराद डेपोत कंडक्टर हाय, दिवसभर बायांना सरकारची फुकटची तिकिटं फाडून माझं टकुरं उठलेलं. मी म्हणलं, कशाचे पेढे? अप्पा म्हणले, ‘चांदीचे.’

त्यांच्या डोळ्यात पाणी व्हतं आन् ते मी समजू शकते. अप्पांची आई सांगायची, तिच्या लहानपणी आमच्या लोकांच्या बायांनी अंगावर चांदी घातली तर गावात चालायचं न्हाई. पितळंचं घाला, कथलाचं घाला, चांदी न्हाई. तिच्या पायातलं कडं भर बाजारात काढायला लावलतं. आन् आता तिचा नातू चांदीचा डॉक्टर. अप्पा ज्याला त्याला हेच सांगायचे, आन् सांगताना छाती अशी पुढं काढायचे की मला हसायला बी यायचं आन् भ्या बी वाटायचं.

कारण मला खरं माहीत व्हतं. नागसेन चांदी ठोकत नव्हता. नागसेन नाचायचा. पोट हलवून नाचतात ना, आरबी बाया टीव्हीत दाखवतात, ते. आमचा नागसेन, सहा फूट उंच, गालावर दाढी, ते नाचायचा आन् त्याच्यावरच पीएचडी लिहायचा.

मला कसं कळलं ते ऐका. गुलबर्ग्याला माझी गाडी मुक्कामी व्हती, म्हणून सकाळी त्याच्या खोलीवर गेले. दार उघडंच. हा उघड्या अंगानं जमिनीवर उताणा पडलेला, पोटावर तुरीचे दाणे ठेवलेले, आन् ते दाणे छातीखालून बेंबीकडं घरंगळत जायले आन् परत वर यायले. हात न लावता. मला वाटलं ह्याला कळ आली. मी बोंबलत आत गेले तर हा हसून हसून बेजार, दाणे सगळे फरशीवर. मंग उठून त्यानं मला सगळं सांगितलं. बेंगळुरात एका बाईकडं शिकला, हैद्राबादला, पुण्याला स्टेजवर नाचला, आन् आता त्याच्यावर लिहायलाय.

मी लई बोलले त्याला. जे तोंडात आलं ते बोलले. कारण आमच्या घरात नाच हा शब्द बी चालत न्हाई.

त्याचं असं हाय. आमचे आजोबा, अप्पांचे वडील, सटवाजी. त्यांना तरुणपणी गाव नाचवायचं. पाटलाच्या घरी बारसं असो, लग्न असो, लुगडं नेसवायचे, तोंडाला पावडर फासायचे आन् नाच म्हणायचे. भाकरीसाठी नाचायचे बिचारे. बाबासाहेबांच्या मागं आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली तवा आजोबांनी नाच सोडला. पण पाटलाला न्हाई म्हणायची छाती कुणाची? मंग त्यांनी लंगडायला सुरुवात केली. पाय मोडला, आता नाचता येत न्हाई, म्हणायचे. पुढं पाटील मेला, त्याचा वाडा बी गेला, तरी आजोबा मरेपर्यंत लंगडतच राहिले. घरात बी लंगडायचे. मेल्यावर आंघोळ घालताना अप्पांनी तो पाय हातात घेऊन बघितला, एकदम धडधाकट. तवापासून अप्पांना नाच डोळ्यापुढं सहन व्हत न्हाई. जयंतीच्या मिरवणुकीत पोरं डीजेपुढं नाचायली की अप्पा पांढरा सदरा घालून पुढं जाऊन उभे राहतात, म्हणतात, चाला, नुसतं चाला.

आन् ह्यांचा पोरगा नागसेन. मी म्हणलं, आजोबा जे टाकायसाठी जन्मभर लंगडले, ते तू उचलून आणायलास? त्यानं जमिनीवरचे दाणे गोळा करत करत सांगितलं, ‘अक्का, मला नाच असं कुणी म्हणलं न्हाई. उलट सगळे नको म्हणायलेत. तरी मी नाचायलाय, मंजी बघ.’

मी लई दिवस त्याचा फोन उचलला न्हाई. मंग एकदा गुलबर्ग्यात त्याचा कार्यक्रम व्हता, तिथं गेले. खरं सांगते, भांडायलाच गेलते. मागच्या खुर्चीत तोंडावर पदर घेऊन बसले, कुणी ओळखू नये म्हणून. आन् तो नाचायला लागला तसा पदर कवा खाली पडला मला कळलं न्हाई. त्याचं पोट श्वासासंगं लाटेवानी चालायचं, खांदे एकदम स्थिर, आन् तोंड असं शांत, ताप उतरलेल्या लेकराचं असतं तसं. एवढा शांत मी त्याला आई गेल्यापासून बघितला नव्हता. मी रडले. कामून रडले ते मला आजबी सांगता येत न्हाई.

त्याचं लिहिणं बी मला त्यानं समजावून सांगितलं. मिसर देशात, तुर्कस्तानात पूर्वी पुरुष बी हे नाचायचे, दरबारात, लग्नात. लोक त्यांना डोळे भरून बघायचे आन् बघून झालं की नावं ठेवायचे. इकडं आपल्या सीमेवरच्या गावात बी तेच. हा मोटारसायकल घेऊन गावोगाव जायचा, जुने नाचे म्हातारे शोधायचा आन् एकच विचारायचा, नाचताना तुमाला काय वाटायचं? एक म्हातारा म्हणला, हे आजवर कुणी विचारलं न्हाई रे, थांब जरा, आठवू दे. मला ते ऐकून लई बरं वाटलं.

पण नागसेनला डिग्रीचं एवढं नव्हतं. त्याला एकच पाहिजे व्हतं. अप्पांनी एकदा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, समोर बसून त्याला नाचताना बघावं. मंग शिव्या द्या, मारा, घरातून काढा. पण एकदा पुरं बघा. मी बघून बदलले की न्हाई, मंग अप्पा बी बदलतील, असं त्याचं म्हणणं.

आता हे अप्पांना सांगायचं कुणी? तो म्हणायचा, अक्का, तू सांग. मी म्हणायची, तुझी ब्याद तू निस्तर. शेवटी मीच एकदा जेवताना विषय काढला. म्हणलं, अप्पा, ते बेळ्ळी न्हाई, बेली हाय. पोट. त्याचा विषय पोटाचा हाय. अप्पा भात कालवत म्हणले, ‘पोटाचं बघंल की तो. डॉक्टर झाल्यावर नोकरी लागतीच.’ मी म्हणलं, तसं न्हाई हो, पोटाचा नाच. तर त्यांचा हात थांबला. म्हणले, ‘पोटासाठीच नाचले आमचे बाबा. ते आता कामून काढायलीस, जेवताना?’ आन् ताट सारून उठले.  पोट म्हणलं की आमच्याकडं भाकरीच आठवती, त्याला कोण काय करणार?

गेल्या महिन्यात नागसेनची व्हायवा लागली. सगळ्यांपुढं आपलं काम मांडायचं, बाहेरून आलेले साहेब प्रश्न विचारणार, आन् नागसेननं लिहिलंय ते थोडं नाचून बी दाखवायचं. अप्पांनी गावात सांगितलं, मी जाणार. नवा सदरा शिवला, खांद्यावर पांढरं उपरणं घेतलं. मी सुट्टी टाकली आन् दोघं औरादवरनं बिदर, बिदरवरनं गुलबर्गा, तिथून आळंदच्या गाडीनं कडगंचीला उतरलो. गाडीत अप्पा शेजारच्या माणसाला बेळ्ळीचंच सांगायले. तो माणूस बिदरचाच निघाला आन् दोघांची चांदीवर अशी जुंपली की मला खिडकीबाहेर बघत बसावं लागलं.

नागसेन गेटवर उभा व्हता. अप्पांना जयभीम केला, पाया पडला. त्याच्या संगं त्याच्या गाईड चैत्रा मॅडम व्हत्या, म्हैसूरकडच्या, मराठीचा शब्द कळत न्हाई. त्या अप्पांना हात जोडून कानडीत म्हणल्या, तुमचा मुलगा फार मोठं काम करायलाय. तेवढी कानडी अप्पांना कळती, त्यांचं तोंड फुललं. मी नागसेनला कोपरानं ढोसलं, आता तरी सांग म्हणलं. तो अप्पांपुढं उभा राहिला आन् म्हणला, ‘अप्पा, आज मी एक करून दाखवणार हाय. शेवटापर्यंत बसा. मधी उठू नका.’

‘चांदीचं काम करून दाखवणार?’ अप्पा म्हणले. ‘हातोडी बितोडी कुठाय मंग?’

नागसेननं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. तो म्हणला, बसा मंजी झालं, आन् आत निघून गेला.

हॉलमधी आमाला पुढं बसवलं. नागसेन इंग्रजीत बोलायला लागला, मधून मधून कानडी. पडद्यावर चित्रं यायली, अंगभर दागिने घातलेले जुन्या काळातले लोक. अप्पांना चष्म्यातून दागिनेच दिसायले. नागसेन ‘बेली’ म्हणला की अप्पा मान हलवायचे. एकदा तर मागं वळून पोरांना म्हणले, बेळ्ळी. पोरं हसली. मला तिथंच धरणी फाटून आत जावं वाटलं.

मंग नागसेन कपडे बदलायला गेला आन् आला. काळी विजार, वर उघडं, आन् कंबरेला तो पट्टा. बारीक बारीक चकचकीत नाण्यांची झालर लावलेला, चाललं की वाजायचा. अप्पा खुर्चीत पुढं सरकले. माझ्या मांडीवर हात मारला आन् हळूच म्हणले, ‘बघ. बेळ्ळी.’ एवढे खूष मी त्यांना कधीच बघितलं न्हाई.

मंग स्पीकरवर बाजा सुरू झाला. आरबी ढोलकं असतं, पण ऐकायला आपल्या हलगीच्या जवळच. नागसेननं डोळे मिटले आन् पोटाची पहिली लाट उचलली. मी अप्पांकडं बघायले, नागसेनकडं न्हाई. अप्पांचं हसू तोंडावर तसंच राहिलेलं, पण डोळ्यातून निघून गेलेलं. तरी बसले ते. नागसेननं सांगितलतं म्हणून बसले असतील. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले आन् बसले. मी मनातल्या मनात म्हणायले, बसा अप्पा, बसा, थोडंच हाय, एकदा त्याच्या तोंडाकडं बघा, पोटाकडं नका बघू.

आन् मागून कुठल्यातरी पोरानं शिट्टी मारली.

वाईट मनानं न्हाई मारली. आवडलं म्हणूनच मारली, बाकीच्यांनी टाळ्या बी वाजवल्या. पण अप्पा उठले. मी सदऱ्याचं टोक धरलं तर ते सुटलं माझ्या हातातून. मला वाटलं, आता हे नागसेनच्या थोबाडीत मारणार. मारली असती तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. अप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, नागसेनच्या उघड्या पोटाभोवती गुंडाळलं आन् त्याला पाठीमागं घातलं. मंग साहेबांच्या टेबलापुढं जाऊन हात जोडले. हापिसातल्या माणसापुढं अप्पांच्या तोंडी दख्खनीच येती.

‘साब, हमारे बच्चे को नक्को नचाओ. डिग्री नै दिये तो बी चलता. पन नक्को नचाओ.’

 ते ढोलकं तेवढं वाजत राहिलं, कुणाला बंद करायचं सुचलं न्हाई. चैत्रा मॅडम उभ्या राहिल्या, त्यांना कळायलंच न्हाई काय झालं. नागसेन उपरण्यात उभा. त्याला दम लागलेला, उपरणं वर-खाली व्हायलं.

बाहेरून आलेले साहेब हैद्राबादचे व्हते, म्हातारे, मऊ बोलणारे. ते खुर्चीतून उठून अप्पांजवळ आले. म्हणले, ‘बाबा, इन्हें कोई नहीं नचा रहा. ये अपनी ख़ुशी से नाच रहे हैं.’

अप्पा त्यांच्याकडं बघत राहिले. चिडले न्हाईत. उलट एखाद्या लहान पोराला समजवावं तसं म्हणले, ‘मेरे बाप को बी लोगां ऐसाच बोलते थे साब. ख़ुशी से नाचता बोल के.’

   मी नागसेनकडं बघितलं. नागसेनचं तोंड एकदा उघडलं. मला वाटलं, आता सांगतो. अप्पा, मला खरंच आवडतं, म्हणतो. पण ते शब्द नाचवणाऱ्यांच्या तोंडचे हायत, हे तर अप्पांनी आधीच सांगून टाकलं. आता तेच पोराच्या तोंडून निघाले असते तर अप्पांना काय ऐकू आलं असतं? नागसेननं तोंड मिटलं. हात मागं नेऊन पट्ट्याचा हूक काढला आन् पट्टा मुठीत गोळा करून धरला, वाजू नये म्हणून.

साहेब लोकांनी आपसात बोलून ठरवलं की नाचायचं राहिलं तरी चालंल, लिहिलेलं पुरेसं हाय. थोडे प्रश्न विचारले. नागसेननं सदरा घालून उत्तरं दिली, चांगली दिली म्हणतात. आन् शेवटी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, डॉक्टर नागसेन म्हणले. अप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या तोंडावर जे व्हतं ते मी कसं सांगू? त्यांच्या बापाला जे जन्मभर लंगडून जमवावं लागलं, ते त्यांनी सरळ उभं राहून, हात जोडून का व्हईना, तोंडानं सांगितलं व्हतं. आन् समोरच्यांनी ऐकलं व्हतं. न नाचवता डिग्री दिली व्हती.

बाहेर कँटीनच्या कट्ट्यावर आमी तिघं चहा घेत बसलो. चैत्रा मॅडम लांब उभ्या राहून डोळे पुसायल्या. त्यांना जवळ यावं वाटत असंल, पण आल्या न्हाईत. नागसेन चहाकडं बघत बसलेला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर पाठ लाकडासारखी. मला अप्पांचा इतका राग आला, इतका राग आला, आन् त्याच वक्ताला त्यांचे पाय धरावेत असं बी वाटलं. दोन्हीतलं काय करावं ते कळंना, म्हणून मी चहात फुंकर घालत बसले.

अप्पा थोड्या वेळानं नागसेनच्या जवळ सरकले. आवाज एकदम खाली आणला, आजूबाजूच्या पोरांना ऐकू जाऊ नये असा. त्यांनी विचारलं, ‘खरं सांग पोरा. भिऊ नको. कवापासून नाचवायलेत हे लोक तुला?’

नागसेननं माझ्याकडं बघितलं न्हाई. त्यानं अप्पांचा हात हातात घेतला.

‘आजच, अप्पा,’ तो म्हणला. ‘ह्याच्या आधी कधी न्हाई.’

‘मंग बरं झालं,’ अप्पा म्हणले. ‘येळेवर आलो मी.’